पडद्याची गिटार

जुनी वाद्ये विकणाऱ्या दुकानांत कधी कधी एक पोकळ अंगाची विजेची गिटार भिंतीवर टांगलेली दिसते. वर्ण मधासारखा, कटी बेताची, आणि पोटावर तारांच्या दोन्ही अंगांना दोन लांबट, वळणदार छिद्रे. तिच्या काळी ती सर्वांत स्वस्त गिटार होती. ज्याला याहून बरे काही परवडत नसे तो ती घेई, आणि ज्याला परवडू लागे तो ती विकून टाकी. काळाचा न्याय मोठा विचित्र. मनुष्य जुना झाला की अडगळ होतो आणि अडगळ जुनी झाली की दुर्मिळ वस्तू होते. आज संग्राहक या गिटारीपुढे हात मागे बांधून उभे राहतात, मान वाकवून तिच्या छिद्रात डोकावतात, आणि आत काळोखाऐवजी सोनेरी-तपकिरी विणीचे कापड ताणून बसवलेले दिसले की त्यांचा श्वास क्षणभर अडतो. ते कापड किंचित तिरके असेल तर बोलणेच खुंटते. कारण तिरके कापड हे अगदी पहिल्या खेपेचे लक्षण.

या कापडावर पुष्कळ विद्वत्ता खर्ची पडली आहे. एक पक्ष म्हणतो, समुद्रकाठच्या दमट हवेपासून लाकूड जपण्याची ती योजना होती. दुसरा म्हणतो, निर्मात्याला स्वर मुद्दामच मवाळ, संध्याकाळी अर्धवट लावलेल्या खिडकीतून यावा तसा हवा होता. तिसरा पक्ष मितभाषी असून तो फक्त "गूढ आहे" एवढेच म्हणतो. तिन्ही मते सुंदर आहेत. मात्र ते कापड तिथे आले ते मावशींमुळे. आणि मावशींनी ते लावले तेव्हा गिटार वाजवतात कशी, हे त्यांना ठाऊक नव्हते.

मावशी रेडिओच्या कारखान्यात होत्या. नेमके सांगायचे तर रेडिओच्या नव्हे, रेडिओच्या पेटीच्या. यंत्र दुसरीकडून येई. इथे त्याला घर मिळे. लाकडाचे पातळ पापुद्रे सरसाने एकावर एक चिकटवून, तापलेल्या साच्यात दाबून त्यांना गोलाई दिली जाई. मग वार्निशचे हात बसत, आणि अगदी शेवटी पेटीच्या तोंडाला कापड लागे: स्पीकरपुढचे ते जाळीदार कापड, ज्यातून आवाज बाहेर येतो पण धूळ आत जात नाही. हे काम मावशींचे. कापड किंचित ओलसर करायचे, उभा धागा पेटीच्या कडेशी समांतर धरायचा, चारी कोपरे सारख्या ओढीने ताणायचे, कडेला सरस लावून दाबायचे आणि सुकू द्यायचे. सुकताना कापड आपण होऊन आवळत जाई. दुसऱ्या सकाळी मावशी त्यावर नखाने टिचकी मारत. टणत्कार झाला तर पेटी पुढे. नाहीतर कापड ओरबाडून पुन्हा पहिल्यापासून. "सैल कापड आणि सैल जीभ, दोन्ही घराची शोभा घालवतात," असे त्या म्हणत. म्हणताना त्यांच्या मनात एक विशिष्ट जीभ असे. तिची ओळख आता होईलच.

कारखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणत. वयाने त्यांच्याहून वडील असलेले मालकही म्हणत. सबंध आयुष्य छिद्रे झाकण्यात गेल्यामुळे मावशींची एक जीवनदृष्टी तयार झाली होती. उघडे छिद्र म्हणजे अर्धवट सोडलेले काम. प्राचीन शास्त्रकारांनी अभाव हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. मावशींनी त्याला कापड लावले. त्यांच्या घरी किटलीच्या चोचीला टोपी होती, दाराच्या कुलपाच्या छिद्राला आतून झडप होती, आणि गजराच्या घड्याळाला एक सुबक झगा होता. वेळ बघायची तर तो झगा वर उचलावा लागे.

"हे घड्याळ आहे की नवी नवरी?" ताई विचारत.

"धूळ जाते आत."

"वेळही जाते आत. बाहेर दिसत नाही ती."

ताई म्हणजे मावशींची थोरली बहीण. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून त्या लोकांची बोलणी जोडत आणि तोडत आल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्यापाशी जोडायला-तोडायला एकच बोलणे उरले, ते धाकट्या बहिणीचे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघी राहत. दोघींचे एकमेकींवर निरतिशय प्रेम होते, आणि त्या प्रेमाचे अधिष्ठान अंतर हे होते. दुरून डोंगर साजरे म्हणतात. या दोन डोंगरांच्या मध्ये कारखान्याची भिंत आणि सबंध दिवस असे, म्हणून ते इतके साजरे दिसत. सकाळी मावशी निघत तेव्हा ताई खिडकीतून हात हलवत. संध्याकाळी त्या परतल्या की चहा तयार असे, आणि दिवसभराचा वृत्तान्त ऐकायला ताईंचे कान आतुर असत. सुट्टीचा दिवस मात्र निराळा. त्या दिवशी सकाळी स्नेह असे, दुपारच्या जेवणाला तर्कशास्त्र असे, आणि दिवेलागणीला दोघी दोन खोल्यांत बसून एकमेकींशी भिंतीमार्फत बोलत.

अशा सुव्यवस्थित संसारावर संकट आले ते प्लॅस्टिकच्या रूपाने.

"एक टेबल बंद केलं आज," एका संध्याकाळी मावशी म्हणाल्या. "प्लॅस्टिकच्या पेटीला समोरची जाळी साच्यातच पडते. कापड लागत नाही."

"मग तू काय करणार?"

"आहे थोडं जुनं काम. ते संपलं की घरी."

ताईंचा चमचा वाटीत थांबला. "घरी म्हणजे?"

"घरी म्हणजे घरी. इथे."

"दिवसभर?"

"घर काय दुपारचं बंद असतं का?"

ताईंनी चमचा खाली ठेवला. "हे बघ, माझी तुझ्यावर माया आहे."

"माहीत आहे."

"ती तशीच राहावी असं मला वाटतं."

"मलाही तसंच वाटतं, ताई."

त्या दिवशी दोघींनी जेवण संपवले ते अत्यंत सौजन्याने. भीतीने माणसे किती सभ्य होतात, हे तेव्हा त्या स्वयंपाकघरात बघण्यासारखे होते.

कारखान्याचे मालक हे आशेवर जगणारे गृहस्थ. वाद्यांच्या एका दुकानाच्या काचेला तरुण पोरे नाके लावून उभी असतात, हे त्यांनी येताजाता पाहिले होते. ज्या वस्तूकडे इतके लोक बघतात आणि घेत नाहीत, ती वस्तू स्वस्त केली पाहिजे, असा त्यांनी सिद्धान्त काढला. त्या वस्तूचे नाव गिटार. त्यातही पोकळ अंगाची, विजेवर चालणारी. पोकळ अंग म्हणजे शेवटी पातळ लाकडाची गोलाई दिलेली पेटी. ती तर आपण रोज करतो. विजेचे म्हणाल तर तारा जोडणारा माणूस पगारावर आहेच. मालकांनी उसनी एक उंची गिटार आणून मिस्तरींच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अशी करा. फक्त स्वस्त."

मिस्तरींनी गिटार चहूबाजूंनी मापली. वाजवून कुणीच पाहिली नाही, कारण वाजवणे हा पेटीच्या कारखान्याचा विषय नव्हे. महिन्याभरात पहिला नमुना झाला. लाकूड रेडिओचे, वार्निश रेडिओचे, आवाज कमीजास्त करायची बटणे रेडिओची. आणि पाठीला चार कोपऱ्यांत चार रबरी पाय, टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून. मालकांनी ते पाय पाहून क्षणभर विचार केला.

"उंची गिटारीला हे आहेत?"

"नाहीत," मिस्तरी अभिमानाने म्हणाले. "त्यांच्या लक्षात आलं नसेल."

पहिल्या खेपेचे काम सुरू झाले तेव्हा मावशींचे जुने काम संपले होते. "गिटारीच्या टेबलावर जाऊन बसा, बघा काही जमतं का," असे मालक त्यांना म्हणाले. एखाद्याला नाही म्हणवत नसले म्हणजे मालक असेच बोलत. मावशी जाऊन बसल्या. समोर गिटारीच्या वरच्या फळ्यांची चळत होती. अजून त्या अंगाला चिकटायच्या होत्या. मावशींनी वरची फळी उचलली. तिला दोन मोठी, लांबट, वळणदार छिद्रे होती, आणि ती सताड उघडी होती. मावशींनी चळतीतली दुसरी फळी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच. आपल्याला इकडे का पाठवले आहे, हे त्यांच्या तत्काळ लक्षात आले. मालकांविषयी त्यांना कृतज्ञता वाटली, आणि त्यांनी कापडाचा गठ्ठा उघडला.

वळणदार छिद्राला कापड बसवणे हे चौकोनी तोंडाहून कठीण काम. मावशींनी त्यात जीव ओतला. पहिल्या फळीला तर त्यांनी आपल्या खास घट्ट शिजवलेल्या सरसाचे दोन हात दिले. फळ्या पुढच्या टेबलावर गेल्या, अंगाला चिकटल्या, वार्निश झाल्या, आणि मग तारवाल्याच्या हाती आल्या. तारवाला हा कृश आणि शीघ्रकोपी मनुष्य होता. या जातीच्या गिटारीत बटणांचे आतले भाग छिद्रातून पोटात सोडायचे आणि दोऱ्याने ओढून जागेवर आणायचे असतात. त्याने छिद्रात बोट घातले. बोट कापडाला लागून परत आले.

थोड्याच वेळात मावशींच्या टेबलाभोवती माणसे जमली.

"मावशी, हे काय केलंत?" मिस्तरींनी विचारले.

"कापड लावलं."

"कुणी सांगितलं?"

"इतकी वर्षं कुणी सांगत होतं?"

"अहो, पण ही गिटार आहे."

"असेल. भोक ते भोकच."

"नमुन्याला कापड होतं का?"

"आणि रबरी पाय होते का नमुन्याला?"

मिस्तरींनी विषय तारवाल्याकडे सोपवला. तारवाला तयारच होता. "दाराला कुलूप घालून मला सगळा संसार खिडकीतून आत न्यायला सांगताय तुम्ही," तो म्हणाला. "मधे एवढीशी चौकोनी फट आहे, तारांचा आवाज टिपणारं पिकअप बसवायची. तिच्यातून काय काय घालू?"

"रोज डब्यातलं सगळं एवढ्याशा तोंडात घालता की," मावशी शांतपणे म्हणाल्या. "जमेल तुम्हाला."

माणसे हसली, त्यामुळे प्रकरण मालकांपर्यंत गेले. मालकांनी गिटार हातात घेऊन आत पाहिले. कापड अप्रतिम बसले होते, हे त्यांना दिसले. आणि घाऊक व्यापारी दोन दिवसांत माल बघायला येणार आहे, हेही त्यांना आठवले. "उंची गिटारीला नाही ना, मग आपल्यालाही नको," ते म्हणाले. "काढून टाका. आणि मावशी..." तोंडावर नाही म्हणवत नसल्यामुळे पुढचे वाक्य ते पंख्याकडे बघून म्हणाले, "व्यापारी येऊन गेला, की मग तुमचं काय ते बघू."

याचा अर्थ कारखान्यात सगळ्यांना कळत असे. ज्यांचे बघायचे असते, त्यांचे पाहून झालेले असते.

कापड काढायचे काम मावशींनाच दिले. लांब चिमटा छिद्रात घालून त्या आपलेच काम धाग्याधाग्याने उसवत बसल्या. विणणाऱ्यालाच उसवायला लावावे यापरते कठोर शासन नाही. एवढ्या दुःखातही त्यांची न्यायबुद्धी ढळली नाही. कापड सहज निघाले तर त्या "सरस पातळ होता" असे स्वतःला बजावत, आणि निघता निघेना तर समाधानाने मान हलवत. पहिल्या फळीची गिटार काही केल्या दाद देईना. चिमटा वाकला, कापड हलले नाही. मिस्तरींनी शेवटी ती गिटार टाकाऊ मालाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

ताईंनी हा वृत्तान्त ऐकला आणि चहा गाळता गाळता जाहीर केले, "मी येते परवा. तुझ्या मालकांना भेटते."

"कशाला?"

"बहिणीच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"खरं सांग."

"माझ्या डोक्याचा प्रश्न आहे. दिवसभर तू, आणि तुझ्या हातात सुई. माझ्या कानांना काही दिवसांनी पडदे लावशील तू."

"कानाला असतातच पडदे."

"बघ," ताई म्हणाल्या. "आत्ताच सुरू झालं."

व्यापाऱ्याच्या दिवशी ताई ठेवणीतला कोट घालून, हातात मोठी पिशवी घेऊन कारखान्यात आल्या. मालक गडबडीत होते. "पाहुणे आलेत, ताई, जरा टेका," म्हणून त्यांनी त्यांना जुळणीच्या दालनाच्या दाराशी एका स्टुलावर बसवले. दालनात सारा कारखाना भिंतीला लागून उभा होता. मध्यभागी व्यापारी, त्याच्या शेजारी नाचघरात गिटार वाजवणारा एक लांब बोटांचा वादक, आणि त्याने बरोबर आणलेला कपाटाएवढा अॅम्प्लिफायर. टेबलावर उघड्या छिद्रांच्या गिटारी रांगेने मांडल्या होत्या. चार रबरी पायांमुळे त्या खरोखर छान बसल्या होत्या.

वादकाने एक उचलली, तार जोडली आणि हळुवार वाजवली. पेटीच्या त्या माणसांनी आपल्या हातचे लाकूड प्रथमच गाताना ऐकले. मिस्तरींनी टोपी काढली. मालकांचे डोळे पाणावले, आणि त्यांनी त्याच डोळ्यांनी व्यापाऱ्याकडे पाहिले.

"छान आहे," व्यापारी म्हणाला. "आता हॉलमध्ये वाजवता तसं वाजवा. मोठ्याने."

वादकाने अॅम्प्लिफायरचे बटण फिरवले.

वेदान्त्यांचा घटाकाशाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. घटातले आकाश आणि बाहेरचे आकाश ही वस्तुतः एकच; घटामुळे ती निराळी भासतात. पोकळ गिटारीचे दुःख असे, की तिच्या पोटातल्या आकाशाला हे ऐक्य फार लवकर उमगते. अॅम्प्लिफायरमधून निघालेला आवाज छिद्रांतून तिच्या पोटात शिरतो, पोट थरथरते, तारा थरथरतात, ती थरथर पुन्हा अॅम्प्लिफायरकडे जाते आणि दुप्पट होऊन परत येते. मग वादकाने हात उचलला तरी आवाज थांबत नाही. तसेच झाले. गिटार प्रथम घुमली, मग हंबरली, आणि मग तिने असा काही टाहो फोडला, की खिडकीच्या काचा थरथरल्या आणि वार्निशचा डबा टेबलावर आपण होऊन चालू लागला.

"वीज जास्त येतेय," मिस्तरी ओरडून म्हणाले.

"लाकूड ओलं आहे," तारवाला ओरडून म्हणाला.

दुसरी गिटार जोडली. तिचा टाहो पहिलीहून किंचित वरचा होता. तिसरी जोडली. व्यापाऱ्याने घड्याळाकडे पाहिले आणि मालकांनी व्यापाऱ्याकडे. मावशी भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना एवढेच कळत होते, की हा माल गेला नाही तर टेबलच काय, कारखानाच राहायचा नाही. आणि उद्यापासून तिसऱ्या मजल्यावर दोन बायका, दोन खोल्या आणि सबंध दिवस.

एवढ्यात दाराशी स्टूल पडल्याचा आवाज झाला. म्हणजे पडले असावे, आवाज कुणाला ऐकू आला नाही. ताई उठल्या होत्या. आयुष्यभर हेडफोनमध्ये नाना प्रकारच्या शिट्ट्या सोसून त्यांच्या कानांची सहनशक्ती संपलेली होती. त्या सरळ वादकापाशी गेल्या, गळ्यातला लोकरी मफलर काढला, दोन घड्या केल्या, आणि गिटारीच्या दोन्ही छिद्रांवर तळहातांनी घट्ट दाबून धरला.

टाहो थांबला. दालनात अशी शांतता पसरली, की अॅम्प्लिफायरची बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली.

"हे असं उघडं कुणी ठेवलं?" ताईंनी विचारले.

 सगळ्यांच्या नजरा हळूहळू एका दिशेला वळल्या. मावशी म्हणाल्या, "मी झाकलं होतं. यांनी काढायला लावलं."

वादकाने मफलर उचलून आत पाहिले. कडेला कापडाचे चार सोनेरी धागे अजून चिकटलेले होते. "झाकलेलं एखादं आहे का शिल्लक?" त्याने विचारले.

मालकांनी घसा साफ केला. आशेवर जगणाऱ्या माणसाची प्रतिभा अशा वेळीच प्रकटते. "आहे ना," ते म्हणाले. "मूळ कल्पना तीच आमची. ही उघडी आपली फक्त तुलनेसाठी मांडली होती." मिस्तरींनी आढ्याकडे पाहिले. तारवाला स्वतःच टाकाऊ मालाच्या कोपऱ्यात धावला आणि ती हट्टी गिटार घेऊन आला. तिच्या पोटात अजून बटणे नव्हती, पिकअप नव्हते. ते सगळे त्याने त्या चौकोनी फटीतून, दोऱ्याने, कपाळावरचा घाम बाहीने पुसत, सर्वांच्या देखत बसवले. मावशी ते बारकाईने बघत होत्या. "जमलं," त्या शेवटी म्हणाल्या, आणि तारवाल्याने त्यांच्याकडे न बघता मान डोलावली.

वादकाने बटण पहिल्याइतकेच फिरवले. गिटार गायली. त्याने आणखी फिरवले. ती घुमली, पण भानावर राहिली. तो अॅम्प्लिफायरच्या अगदी जवळ गेला तेव्हा तिच्या पोटातून एक हुंकार आला आणि तिथेच विरला.

"गुरगुरते," वादक म्हणाला, "पण चावत नाही."

"सगळ्या अशाच पाहिजेत," व्यापारी म्हणाला. "आणि ते खालचे रबरी पाय काढा."

"खालचे नाहीत, पाठीचे आहेत," मिस्तरी पुटपुटले. पण त्या दिवशी त्यांची बाजू घेणारे कुणी नव्हते.

पाहुणे गेल्यावर मालक ताईंकडे वळले. "तुम्हाला काही बोलायचं होतं ना?"

"होतं," ताई मफलर झटकत म्हणाल्या. "पण आता एवढंच. तिला उद्या जरा लवकर बोलवा. काम बरंच दिसतंय."

घरी जाताना ताईंनी मफलर पुन्हा गळ्याला गुंडाळला. मग मावशी म्हणाल्या, "तू झाकलंस."

"मला आवाज बंद करायचा होता."

"झाकूनच बंद झाला."

"त्याचा अर्थ किटलीला टोपी पाहिजे असा होत नाही."

"मी किटलीचं नाव तरी काढलं का?"

"काढणार होतीस. चेहऱ्यावर दिसत होतं."

दुसऱ्या दिवसापासून मावशी आणि तारवाला एका टेबलावर आले. ज्या गिटारींचे कापड काढले होते त्यांची अंगे आता बंद झालेली होती. तेव्हा कापड चौकोनी फटीतून आत सोडायचे, तारवाल्याने दोऱ्याने ते छिद्रामागे ओढून धरायचे, आणि मावशींनी वाकवलेल्या पट्टीने आतून सरस दाबायचा. अशा आंधळ्या कामात उभा धागा सरळ राहणे अशक्य. मावशींनी पहिले तिरके कापड पाहिले आणि चिमटा उचलला. "फाडून पुन्हा करू," त्या म्हणाल्या. "मावशी," तारवाला म्हणाला, "पुन्हा म्हणालात तर मी प्लॅस्टिकच्या कारखान्यात जाईन." ती तिरकी कापडे तशीच बाहेर गेली. त्यांची लाज मावशींना पुढे वर्षानुवर्षे वाटत राहिली. आज लोक त्या तिरकेपणापुढे माना वाकवतात, हे त्यांच्या कानावर गेले असते तर त्या म्हणाल्या असत्या, लोकांना चांगलं काम कळत नाही.

गिटारीचे पुढले आयुष्य सामान्य गिटारीसारखे गेले. नाचघरांत, शाळांच्या सभागृहांत, कुणाच्या जिन्याखाली ती वाजली, धूळ खात पडली, पुन्हा विकली गेली. शिकाऊ पोरांनी तिच्यावर बोटे सोलून घेतली आणि चांगली गिटार घेतल्यावर तिच्याविषयी कुत्सित बोलूनही तिला मनातून मात्र काढून टाकले नाही. मावशींचे टेबल खिडकीपाशी राहिले. रोज सकाळी खिडकीतून हात हलत राहिला, रोज संध्याकाळी चहा तयार राहिला. पण कुठलाही कारखाना कापडाच्या दोन तुकड्यांवर किती काळ तगणार? भरीव लाकडाच्या गिटारी आल्या. त्यांना पोट नाही, छिद्र नाही, आणि म्हणून झाकण्याजोगेही काही नाही. मालकांनी सर्वांना एकत्र बोलावले, पंख्याकडे बघितले, आणि या वेळी त्यांना वाक्य पुरे करावेच लागले.

मावशी घरी आल्या त्या संध्याकाळी ताईंनी चहा दिला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. ताईंचे मौन इतके अपूर्व होते, की मावशींनी त्यातच सगळा निरोप वाचला. आता दिवसभर. आता रोजच सुट्टीचा दिवस.

सकाळी मावशी उशिरा उठल्या. बाहेरच्या खोलीत ताई कोट घालून, पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"कुठे निघालीस?"

"कामाला."

"कसल्या कामाला?"

"पलीकडच्या रस्त्यावर दातांचे डॉक्टर आहेत ना, त्यांना फोन घ्यायला आणि लोकांना वेळा द्यायला माणूस पाहिजे होतं. तुझा कारखाना डळमळायला लागला तेव्हाच बोलून ठेवलं होतं मी."

"या वयात?"

"एकीने तरी घराबाहेर असायला हवं. नाहीतर संध्याकाळी एकमेकींना सांगायचं काय?" ताईंनी कोटाचे वरचे बटण लावले. "शिवाय तिथे माणसं तोंड उघडून बसतात, पण उलट बोलत नाहीत. मला मानवेल."

मावशी खिडकीशी गेल्या. खाली रस्त्यावर ताईंनी मागे वळून पाहिले, तेव्हा मावशींनी हात हलवला. हा हात हलवायचा अनुभव त्यांना नवा होता. तो जरा वर गेला की जरा बाजूला, हे त्यांना ठरवता येईना.

मग त्यांनी घर आवरले. दोन खोल्यांत भांडायला कुणी नव्हते, त्यामुळे काम भराभर संपले. त्यांनी चहा केला, आणि तो कसा झाला आहे हे कुणी सांगेना म्हणून अर्धा तसाच ठेवला. त्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्या आणि परत आल्या. दुपार अजून लागायची होती.

जेवणानंतर दंतवैद्याच्या प्रतीक्षालयाचे दार उघडले. मेजामागे ताई फोनच्या शेजारी ताठ बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले, दारातली व्यक्ती पाहिली, आणि एक्स्चेंजच्या जुन्या सुरात विचारले, "वेळ घेतली आहे का आपण?"

"नाही," मावशी म्हणाल्या.

"दात दुखतोय?"

"एकही नाही."

"मग थांबावं लागेल," ताई म्हणाल्या आणि आपल्या मेजाजवळची खुर्ची त्यांनी पायाने जराशी पुढे सरकवली. "बसा."

मावशी बसल्या, आणि दवाखाना बंद होईपर्यंत थांबल्या.